दिव्याचं तिवर

तिवराला देखणं कुणी म्हणणार नाही. उंची बेताची, खोड वाकडंतिकडं, साल करडी, पानं वरून हिरवी आणि खालून राखाडी. फुलं येतात, पण इतकी बारीक आणि पिवळट की मधमाशी सोडून कुणाचं लक्ष जाऊ नये. आंब्याचा मोहोर गावाला कळतो, पळस फुलला की डोंगराला कळतं. तिवराचा बहर तिवरालाच ठाऊक. त्यातून राहायची जागा म्हणजे गुडघाभर चिखल. मुंब्रा सुटून दिवा यायच्या आत लोकलच्या दारातल्या माणसाच्या नाकात त्या चिखलाचा वास शिरतो, आणि माणूस तोंड आत वळवतो. बहुतेकांची तिवराशी ओळख एवढीच.

याहून जास्त ओळख हवी असेल तर एक पान जिभेला लावून पाहावं. खारट लागतं. हे झाड खाडीचं पाणी पितं. बरंचसं मीठ मुळांशीच अडवतं आणि जे आत येतं ते पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी पानावर मिठाचे कण चमकताना दिसतात. दुसरी अडचण श्वासाची. खाडीच्या गाळात हवा नाही. म्हणून चिखलाखाली आडव्या पसरलेल्या मुळांना हे झाड वर कोंब फोडतं, पेन्सिलीच्या जाडीचे, वीतभर उंचीचे, एकेका मोठ्या झाडाभोवती हजारांनी. भरतीला ते बुडतात, ओहोटीला उघडे पडतात आणि झाड श्वास घेतं. श्वास धरून ठेवायचा आणि जागा मिळाली की सोडायचा, ही कला सकाळच्या लोकलला दिव्यात चढणाऱ्यालाही शिकावी लागते.

पोरं वाढवायची पद्धतही त्याची स्वतःची. बहुतेक झाडं बी जमिनीवर टाकतात आणि मोकळी होतात. तिवराचं बी फळाच्या आतच, झाडावर असतानाच रुजायला लागतं. पावसाळ्यात गळून पडतं ते अर्धवट उठून बसलेलं असतं. तरंगत जातं, आणि जिथं पाणी त्याला गाळावर थोडा वेळ निवांत ठेवील तिथं पाय रोवतं. घाटावरून, कोकणातून, उत्तर प्रदेशातून येऊन दिव्यात पाय रोवलेल्या माणसांशी त्याची जोडी लावायचा मोह लिहिणाऱ्याला होतोच. मी तो आवरतो. कारण माणसं इथं उतरली ती स्वस्त खोलीसाठी, आणि ती खोली पुष्कळदा तिवराच्या उरावरच उभी होती.

लोणावळा-खंडाळ्याकडच्या डोंगरांत उगवलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून खाली तिची खाडी होते. डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असा हिचा काठ. पुढे घोडबंदरला वळसा घालून वसईला समुद्र. या काठावरची मूळ वस्ती आगऱ्यांची आणि कोळ्यांची. दिवा, साबे, दातिवली, आगासन, म्हातार्डी, बेतवडे ही गावं रेल्वेच्या आधीची. १८५४ साली ठाण्याहून कल्याणला गाडी गेली तेव्हा ती यांच्या भातशेतातून आणि खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतून गेली.

तिवरावर या गावांचं प्रेम होतं असं म्हणणं जरा जास्तच होईल. व्यवहार होता. खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध घातलेले. पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात उघाड्या. समुद्राच्या अंगाचा बांध तो बाहेरकाठा, आणि बाहेरकाठ्याच्याही पुढे चिखलात उभं तिवर. उधाणाची लाट आधी त्याच्या अंगावर यायची, तिथं तिची मस्ती जिरायची, आणि मग ती बांधाला लागायची. तिवर तिथं असणं म्हणजे बांधाची निम्मी डागडुजी वाचणं. त्याच्या मुळांत निवटी, चिंबोरी, कोळंबी. खाडीत पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणाऱ्याला ठाऊक असतं की मासळीची पिल्लं तिवराच्या आडोशाला वाढतात. आडोसा गेला की पाग रिकामा. वाळलेली फांदी चुलीला. या सगळ्याच्या बदल्यात गावानं तिवराला काय दिलं? काही नाही, फक्त बांधाबाहेर राहू दिलं. आत मात्र येऊ दिलं नाही. बांधाच्या आत, शेतात, तिवराचं रोप दिसलं की ते उपटून टाकायचं. बाहेर ते राखणदार, आत आलं तर घुसखोर.

बांधाला खांड पडली की मात्र गाव जमायचं. भरतीचं पाणी एकदा शेतात घुसलं तर त्या वर्षाचं पीक गेलंच, पुढची काही वर्षंही जमीन खारावून बसते. म्हणून पुढच्या उधाणाच्या आत खांड बुजवायची. घमेली, फावडी, पेंढा, माती आणि घरटी माणूस. अलिबागेकडे अशा एकत्र कामाला जोळ म्हणत. शेतकऱ्यांचा गट बांध सांभाळायचा आणि कुणाच्या हुकमाची वाट पाहायचा नाही. पुढे १९४८ साली खारजमिनींचा कायदा आला, १९७९ साली दुसरा आला, बांध सरकारचे झाले. सरकारचे झाले म्हणजे खांड पडली की अर्ज करायचा. अर्ज जातो, भरती थांबत नाही. खारावलेल्या शेतात मग तिवर आत येतं, आणि काही वर्षांत शेतकऱ्याला स्वतःच्या सातबाऱ्यावर एक जंगल उभं दिसतं, जे तोडणं आता गुन्हा आहे. तिवराची बाजू मांडणाऱ्या शहरी माणसाला हे सहसा ऐकवत नाही. पण बांधाची देखभाल सोडायची आणि मग आत आलेल्या झाडाला हात लावू नका म्हणून शेतकऱ्याला दटावायचं, यात झाडाचं भलं असेल, न्याय नाही.

दिव्यात मात्र हा पेच पुरता रंगायच्या आधीच शेती गेली. जंक्शन होतंच, एक फाटा पनवेलला, एक वसईला, आणि सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते, म्हणून कोकणातला माणूस दिव्याला आपलं मानतो. मुंबईत खोली परवडेना, ठाण्यात परवडेना, डोंबिवलीतही परवडेना, मग दिवा. भातशेतांच्या चाळी झाल्या, चाळींच्या इमारती झाल्या, आणि जमीन संपली तेव्हा खाडीकडे नजर गेली.

तिवर मारायचं तर कुऱ्हाड लागत नाही. कुऱ्हाडीचा आवाज होतो, पुरावा राहतो. त्याहून सोपी रीत म्हणजे त्याचं पाणी तोडायचं. भरतीचं पाणी ज्या वाटेनं येतं त्या वाटेवर रात्री डंपर रिकामे करायचे. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, पायाभरणीतून निघालेली माती, वर मुरूम. एकदा पाण्याची वाट बुजली की पलीकडची झाडं उभ्या उभ्या वाळतात. श्वासाचे कोंब भरावाखाली गाडले गेले तर त्याहून लवकर. मग ओसाड दिसणाऱ्या त्या जागेकडे बोट दाखवून म्हणायचं, इथं होतं काय? पुढची पायरी पत्र्याचं कुंपण, मग विटांच्या भिंती, मग वीज मीटर, मग मुद्रांकावर करारनामा. खोली घेणाऱ्याला हे सगळं माहीत असतंच असं नाही. त्यानं गावची जमीन विकून किंवा बायकोचे दागिने मोडून पैसे भरलेले असतात आणि त्याला एवढंच कळतं की स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर आहे. पहिल्या पावसाळ्यात मोठ्या भरतीला पाणी खोलीत येतं तेव्हा तो महापालिकेला शिव्या घालतो. पाण्याचं म्हणणं साधं आहे: ते जुन्या वाटेनं आलं.

आता माणसं जमण्याविषयी. दिव्यात माणसं जमायला वेळ लागत नाही. २ जानेवारी २०१५ ला सकाळी लोकल रखडल्या आणि प्रवासी रुळांवर उतरले. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प होती. डिसेंबर २०१६ मध्ये दिव्याला जलद लोकल थांबायला लागली. जमलं की मिळतं, हा धडा गावानं तेव्हा गिरवला. तो कुणाला पटो न पटो. तिवरासाठी मात्र तोवर कुणी जमलं नव्हतं. त्याच्या उपयोगी पडलेलं जमणं आलं धुरातून.

ठाणे महापालिकेला कचरा टाकायला जागा नव्हती, आणि दिवा हे ठाण्याचंच एक टोक. म्हणून ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्यात यायचा. खाजणाच्या अंगाला ढीग चढत गेले. खालून काळं पाणी झिरपून खाडीकडे, वरून आग. कचऱ्याच्या ढिगाला लागलेली आग विझत नाही, ती आत आत जळत राहते. दिव्यातल्या बायका कपडे वाळत घालायच्या तर दोरीवरून परत आणताना धुराचा वास घेऊनच आणायच्या. खिडक्या बंद, पोरांना खोकला, पाहुणे यायला नाखूश. याच्यावर माणसं उठली. मोर्चे, उपोषणं, कचऱ्याच्या गाड्या अडवणं, सगळ्या पक्षांची निवेदनं, निवडणूक आली की सगळ्या पक्षांची आश्वासनं. त्या घोषणांत तिवराचं नाव शोधलं तर क्वचितच सापडेल. लोक आपल्या श्वासासाठी जमले होते. पण त्याच ढिगाच्या पायाशी आणखी एकाचा श्वास कोंडत होता आणि त्याचं काम फुकटात होऊन गेलं. २०२३ साली दिव्यातलं डम्पिंग बंद झालं.

मला हे प्रेमापेक्षा भरवशाचं वाटतं. निसर्गावरच्या प्रेमानं जमलेली माणसं दुसऱ्या रविवारी निम्मी होतात. नाकात धूर गेलेली माणसं बंदी येईपर्यंत टिकतात. याची दुसरी बाजूही आहे. दिव्यातला कचरा थांबला तो भंडार्ली गावाकडे वळला, आणि मग तिकडच्या चौदा गावांतली माणसं जमली. त्यांचंही म्हणणं अक्षर न् अक्षर तेच.

तिवराच्या बाजूनं मोठं बळ आलं ते कोर्टातून. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ६ ऑक्टोबर २००५ ला राज्यभर खारफुटी, म्हणजे तिवर आणि त्याची सगळी भावकी, तोडायला बंदी घातली, उपग्रहावरून नकाशे करायला सांगितलं. शेवटचा निकाल आला १७ सप्टेंबर २०१८ ला, न्यायमूर्ती अभय ओक आणि रियाझ छागला यांचा. ओक हे ठाण्याचे; १९८३ साली त्यांनी वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या हाताखाली. म्हणजे ज्यांनी तिवराला संविधानातल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं, ते याच खाडीच्या अंगणातले. निकाल सांगतो की जमीन कुणाच्याही मालकीची असो, खारफुटी नष्ट करता येणार नाही. भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नको, राडारोडा नको. जिथं नष्ट झाली तिथं ती परत उभी करणं हे राज्याचं कर्तव्य. अगदीच सार्वजनिक हिताचं काम असेल तर उच्च न्यायालयात येऊन परवानगी घ्या. त्याआधी २०१२ साली वनविभागात कांदळवन, म्हणजे खारफुटी, कक्ष आला होता, आणि २०२० मध्ये पांढऱ्या फुलांच्या चिपी नावाच्या खारफुटीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. मान चिपीला मिळाला, तिवराला नाही. दिसणं कामाला येतं.

निकाल ठाण्याच्या कोर्टात शिकलेल्यानं लिहिला, पण तो वाचायचा आहे दिव्याच्या चिखलात. रात्री दोनला डंपर येतो तेव्हा तिथं न्यायमूर्ती नसतात. असते ती एखाद्या चौथ्या मजल्यावरची जागी खिडकी. पहिला फोटो तिथून निघतो. मग सकाळी प्रश्न सुरू होतात: तक्रार कुणाकडे? झाड वनविभागाचं, जमीन महसूलची, भराव महापालिकेच्या हद्दीत, दमदाटी झाली तर पोलिसांकडे. प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचा पत्ता मिळतो. एकटा माणूस दोन टेबलांत दमतो. म्हणून चार जण जातात. एक कागद लिहिणारा, एक ओळखपाळख असलेला, एक निवृत्त आणि म्हणून दिवसभर मोकळा, आणि एक गावातला, ज्याला कुठला नाला पूर्वी कुठं मिळायचा हे सांगता येतं. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा. नकाशावर नसलेली पाण्याची वाट त्याच्या डोक्यात असते, आणि तिवराच्या बाजूनं देण्यासारखा तोच खरा पुरावा.

२६ जुलैला जगभर खारफुटीचा दिवस पाळतात. युनेस्कोनं २०१५ साली तो ठरवला. आपल्याकडे २६ जुलै म्हटलं की २००५ चा पाऊस आठवतो, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडलेला. युनेस्कोच्या मनात आपला पूर नव्हता, पण या खाडीकाठी तारीख अशी बसली आहे की मुद्दाम बसवल्यासारखी वाटावी. त्या दिवशी शाळेची मुलं हातमोजे घालून येतात. भरतीची वेळ आधी पाहायला लागते, नाहीतर फलक धरून नुसतंच पाण्याकडे बघत उभं राहायचं. ओहोटीला चिखलात उतरलं की कोंबांना गुंडाळलेलं प्लॅस्टिक सोडवायचं. ते झाडाच्या नाकावर बसलेलं असतं. पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, एकेकट्या चपला, निर्माल्य पिशवीसकट. पोती भरतात. पुढच्या भरतीला खाडी तेवढंच परत आणून टाकते, कारण वरून कल्याण-डोंबिवलीपासून सगळ्यांचं तिच्यातच येतं. तरीही मी या साफसफाईच्या विरोधात नाही. चिखलात एकदा गुडघाभर रुतलेला मुलगा पुढे खोली घेताना भराव ओळखतो.

मी विरोधात आहे तो झाडं लावण्याच्या हौसेच्या. तिवर लावायची गरज फार थोड्या ठिकाणी असते. पाण्याची वाट मोकळी करा, ते आपणहून येतं. पावसाळ्यात त्याची पिल्लं खाडीभर तरंगत असतात. पण वाट मोकळी करायची म्हणजे कुणाचा तरी भराव उचलायचा, आणि त्याचा फोटो पाहुण्यांच्या हातातल्या रोपाइतका छान येत नाही.

मोठ्यांच्या कामांपुढे मात्र ही जमवाजमव तोकडी पडते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक नावाला ठाणे, जागा दिवा-म्हातार्डीची. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून, कारण वर रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे. चांगलंच आहे. पण बोगदा संपला की रेल्वे उघड्यावर येते आणि तिथं रोहित नाहीत. स्थानकाचा आराखडा बदलून जाणारी झाडं कमी केली गेली, हेही खरं. ९ डिसेंबर २०२२ ला उच्च न्यायालयानं मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायला परवानगी दिली. बदल्यात पाचपट लावायची. ती कुठं लावायची हे फायलीत ठरतं, आणि म्हातार्डीच्या चिखलात पाग टाकणाऱ्याला त्या दूरच्या पाचपटीतली कोळंबी मिळत नाही. या परवानगीविरुद्ध दिव्यात गाड्या अडल्या नाहीत. धूर नव्हता ना.

वसईच्या गाडीत बसून कोपर सोडलं की खाडीवरच्या पुलावरून दोन्ही अंगांनी अजून तिवर दिसतं, दाट, आणि मधेच टक्कल पडलेलं. त्या टकलाच्या कडेला निळे पत्रे. खाली दिव्यात त्या पत्र्यांबद्दलच्या अर्जावर सह्या गोळा होत असतात. सही करणाऱ्याला नाव, फोन आणि पत्ता लिहावा लागतो, आणि पत्त्यापाशी पेन थांबतं. त्याची स्वतःची चाळही दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच पत्र्यांमागे उभी राहिली होती. अर्जात भराव काढून जागा पूर्ववत करा असं लिहिलेलं असतं. कुठल्या सालापर्यंतचा भराव, हे त्यात नसतं. गावातला तो चौथा माणूस अशा वेळी म्हणतो की आधी पुढचा डंपर तर थांबू दे, मागचं मागून बघू. मग लोक सह्या करतात.